गाव महापालिकेत आलं, पण बंब कुणाचा? विलीनीकरणाचा हिशेब वाचायला शिकताना

नऱ्ह्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घरपट्टीचं बिल वर धरून विचारलं, "यात अग्निशामक कर म्हणून ओळ आहे. पैसे घेताय ना, मग बंब कुठे उभा असतो तेवढं सांगा." मी सेक्रेटरी, म्हणजे उत्तर मीच द्यायला हवं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर कागद शोधत, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत जे उमगलं ते इथे लिहितो आहे. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावात नव्याने राहायला आलेल्यांना, सोसायटीच्या कमिटीत पहिल्यांदाच सापडलेल्यांना आणि अंदाजपत्रकाचं पुस्तक बघूनच घाम फुटतो अशांना ते उपयोगी पडेल. हिशेबातले जाणकार असाल तर पहिले दोन टप्पे सोडून द्या.

पहिला टप्पा: आपण नक्की कुणाच्या हद्दीत आहोत?

पत्त्यात "पुणे" लिहिलं म्हणजे झालं, असं नसतं. पुण्याची हद्द ही एक रेघ नाही, एकावर एक ठेवलेल्या चार-पाच रेघा आहेत आणि त्यातली एकही दुसरीवर बरोबर बसत नाही.

महापालिकेची रेघ आधी घेऊ. १९९७ मध्ये ३८ गावं आत घेतली, आणि विरोध झाल्यावर त्यातली बरीच पुढे वगळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली: शिवणे, उत्तमनगर, धायरी, आंबेगाव खुर्द आणि बुद्रुक, उंड्री, फुरसुंगी, उरुळी देवाची वगैरे. ३० जून २०२१ ला आणखी २३ आली. त्यात आमचं नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड, खडकवासला, किरकटवाडी, मांजरी बुद्रुक. त्या दिवशी पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षाही मोठी झाली, पाचशे चौरस किलोमीटरांच्या वर. सप्टेंबर २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत आत आणि बाहेर. या दोन गावांचा हिशेब कुणी नीट मांडला तर विलीनीकरणाचा धडा म्हणून तो शाळेत लावावा.

पोलिसांची रेघ वेगळी. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं निघालं. २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ठाणी ग्रामीणकडून शहर पोलिसांकडे आली. २०२४ मध्ये वाघोली, नांदेड सिटी, आंबेगाव अशी नवी ठाणी निघाली. वाघोली तेव्हा लोणीकंद ठाण्याखाली होती, म्हणजे वाघोलीकर मार्च २०२१ मध्ये शहर पोलिसांचे झाले, आणि महापालिकेचे त्यानंतर तीन महिन्यांनी.

अग्निशमनाची रेघ सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी. महापालिकेचं दल आहे, पिंपरी-चिंचवडचं आहे, पुणे छावणीचं (कॅन्टोन्मेंटचं) आहे आणि पीएमआरडीएचंही, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचंही आहे. गावं महापालिकेत येण्याआधी उपनगरी पट्ट्यात पीएमआरडीएने आपली केंद्रं उभी केली होती. त्यामुळे गाव एका संस्थेचं आणि जवळचा बंब दुसऱ्या संस्थेचा, असं होऊ शकतं. आग लागल्यावर हद्द कुणी विचारत नाही. १०१ किंवा ११२ लावा, जवळची गाडी निघते. १०८ ची रुग्णवाहिका तर राज्याच्या योजनेतली, तिला महापालिकेची हद्द लागूच नाही. प्रश्न आग विझल्यावर सुरू होतो: डिझेल कुणी भरायचं, फायरमनचा पगार कुणाच्या खात्यातून, आणि गाडी जुनी झाली की नवी कोण घेणार?

एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून ठेवा: घरपट्टी कुणाला, बांधकाम परवानगी कुणाकडून, पोलीस ठाणं कोणतं, जवळचं अग्निशमन केंद्र कोणतं आणि कुणाचं. आमच्या सोसायटीतल्या निम्म्यांना चौथी ओळ भरता आली नाही, त्यात मीही होतो.

दुसरा टप्पा: कागद

तीन कागद पुरतात. पहिला म्हणजे राज्य शासनाची गाव समाविष्ट केल्याची अधिसूचना. तिच्यावरची तारीख महत्त्वाची, कारण करापासून कर्मचाऱ्यांच्या सेवेपर्यंत सगळं त्या तारखेपासून मोजतात. दुसरा, महापालिकेचं अंदाजपत्रक. तिसरा, तुमच्या ग्रामपंचायतीचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल. तो मिळवायला सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात.

अंदाजपत्रकाचा आकडा बघून गांगरू नका. २०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्यात तुम्हाला दोनच गोष्टी शोधायच्या आहेत: अग्निशमन खात्याचा महसुली खर्च आणि त्याच खात्याचा भांडवली खर्च. महसुली म्हणजे दरवर्षी संपणारा, पगार, इंधन, दुरुस्ती, गणवेश. भांडवली म्हणजे वस्तू मागे ठेवणारा, इमारत, गाडी, शिडी.

आणि एक सवय लावून घ्या. पुस्तकात एकाच ओळीपुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे आकडे असतात. वर्तमानपत्रात मथळा होतो तो शेवटचा. तुम्ही पहिला वाचा. नव्या केंद्रासाठी तरतूद झाली आणि वर्षअखेर त्यातलं फारसं खर्चच झालं नाही, असं दिसलं तर जागा ताब्यात आलेली नाही किंवा निविदा अडकली आहे, असं समजून पुढचा प्रश्न तयार ठेवा.

तिसरा टप्पा: खर्च कुठे आहे ते ओळखा

इथे नवखे लोक हमखास चुकतात. मीही चुकलो होतो. आपल्याला वाटतं बंब महाग. नवी लाल गाडी आली की नारळ फुटतो, हार घालतात, फोटो येतो. पण खर्च गाडीचा नसतो, गाडीत बसणाऱ्यांचा असतो.

हे गणित कागदावर करून बघा. एका बंबावर एक चालक, एक तांडेल (फायरमनांचा म्होरक्या) आणि चार फायरमन धरा, म्हणजे सहा माणसं. आग रात्रीही लागते, तेव्हा तीन पाळ्या: अठरा. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची तर एकवीस. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पंचवीसच्या आसपास. हे फक्त एका गाडीचं झालं. पाण्याचा टँकर, स्टेशन ऑफिसर, वर्दी (आगीची खबर) घ्यायला फोनवर बसणारा माणूस अजून बाहेरच आहे.

आता समजा भत्त्यांसकट एका माणसावर महिना सरासरी ६० हजार खर्च येतो. हा आकडा मी गणितापुरता धरला आहे, खरा आकडा तुमच्या अंदाजपत्रकातून काढा. पंचवीस माणसांचे महिन्याला १५ लाख, वर्षाला १ कोटी ८० लाख. गाडी समजा एक कोटीची आणि ती पंधरा वर्षं चालली. त्या पंधरा वर्षांत पगारावर, एकही वाढ न धरता, २७ कोटी गेले. एक कोटी आणि सत्तावीस कोटी.

म्हणून "दोन दलं एकत्र केली की खर्च वाचेल" असं कुणी म्हणालं की विचारा, नक्की कशात? नियंत्रण कक्ष एक झाला, सुटे भाग एकत्र घेतले, दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जागी एक आला, तर थोडं वाचतं. पण बंबावरची माणसं कमी होत नाहीत. उलट, कमी पगारावरचा किंवा कंत्राटी कर्मचारी मोठ्या संस्थेत कायम झाला की त्याला तिथली वेतनश्रेणी लागते आणि बिल वाढतं. हे वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आगीत शिरणाऱ्याला पूर्ण पगार मिळायलाच हवा. पण तो वाढणार आहे हे आधी सांगा, नंतर "अनपेक्षित भार" म्हणून ठरावात लिहू नका.

पुण्यात आणखी एक गंमत होते. दलातल्या मंजूर पदांपैकी मोठा हिस्सा वर्षानुवर्षं रिकामा आहे. त्यामुळे हद्द वाढली तरी पगाराचा आकडा त्या प्रमाणात वाढलेला दिसत नाही, आणि कागदावर विलीनीकरण स्वस्तात पडल्यासारखं वाटतं. त्याची किंमत दुहेरी पाळी करणारा फायरमन देतो, आणि गाडीची वाट पाहणारे आपण.

दुसरा मोठा खर्च जागेचा. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष शहरी भागात दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. पाचशे चौरस किलोमीटरांना दहाने भागा: पन्नास. प्रत्यक्षातली केंद्रं याच्या कितीतरी खाली आहेत. गावठाणालगत मोठ्या रस्त्यावर, बंब झटकन बाहेर पडेल अशी मोकळी जागा आता कुठे उरली आहे? शेतं कधीच प्लॉट झाली. विकास आराखड्यात आरक्षण असतं, पण आरक्षण म्हणजे जागा नव्हे. ती ताब्यात घ्यायची तर रोख मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जागेवर जादा बांधकामाची मुभा), यांपैकी काहीतरी द्यावं लागतं. केंद्राच्या खर्चाचा अंदाज वाचताना जागेची ओळ कोरी दिसली तर तो अंदाज पुरा धरू नका.

चौथा टप्पा: काय मिळालं आणि काय गळ्यात पडलं

ग्रामपंचायत विलीन होते तेव्हा तिची मालमत्ता, देणी आणि माणसं तिन्ही महापालिकेकडे जातात. मालमत्तेची यादी सगळे हौसेने करतात. देण्यांची यादी बघा: ठेकेदारांची थकलेली बिलं, पथदिव्यांची वीजबिलं, सुरू असलेले दावे. कर्मचाऱ्यांच्या यादीत प्रत्येकाची नेमणुकीची तारीख बघा. विलीनीकरणाच्या तोंडावर झालेल्या भरतीवरून २३ गावांच्या वेळी बराच वाद झाला होता, आणि तो अजून कचेऱ्यांत ऐकू येतो.

गाड्यांचं वेगळंच आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महापालिकांसारख्या संस्थांच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे वाढवता येत नाही. बंब वर्षात फार किलोमीटर पळत नाही, इंजिन चांगलं असतं, पंप खणखणीत असतो, पण कागदावर तो म्हातारा. दुसऱ्या संस्थेकडून गाड्या हस्तांतरित होऊन आल्या तर नोंदणीचं वर्ष पहिल्यांदा बघा. चौदा वर्षांची गाडी फुकट मिळाली तर वर्षभरात नवी गाडी घेण्याचा खर्च आपल्या माथी येतो.

आणि अग्निशमन दल म्हणजे फक्त आग नव्हे, हेही लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं, तेव्हा माणसं बाहेर काढायला हेच दल बोटी घेऊन आलं. नवले पुलाच्या उतारावरच्या अपघातांतही पत्रा कापायला तेच येतात. खडकवासला, नांदेड ही नदीकाठची गावं हद्दीत आली म्हणजे बोटी, दोर, जीवरक्षक जाकिटं आणि पोहणारी माणसं यांचीही तरतूद आली. "अग्निशमन" या शब्दाखाली फक्त बंब शोधाल तर अर्धा खर्च निसटेल.

पाचवा टप्पा: पैसा कधी येतो

गाव आत आलं त्या दिवसापासून सेवेची जबाबदारी महापालिकेची. पूर्ण कर मात्र त्या दिवशी लागत नाही. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने, आणि पुढे दरवर्षी वीस टक्क्यांच्या पायरीने चढत पाच-सहा वर्षांत पूर्ण दर, अशी कायद्यातली सोय आहे. सोय रास्तच आहे. ज्या गावात नळाला पाणी नाही, तिथे शहराची घरपट्टी कुठल्या तोंडाने मागणार? पण हिशेबाच्या बाजूने बघा: खर्च पहिल्या दिवशी सुरू होतो, उत्पन्न सहाव्या वर्षी जुळतं. मधली दरी जुन्या हद्दीतले करदाते भरतात. त्यात २०२४ मध्ये राज्य शासनाने समाविष्ट गावांतल्या करवसुलीला स्थगिती दिली, आणि दरी आणखी रुंद झाली.

अजून एक पेच फक्त २३ गावांचा. २०२१ मध्ये गावं महापालिकेत आली, पण नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएच राहिलं. म्हणजे इमारत उभी राहताना विकासशुल्क एकीकडे जमा, आणि ती उभी राहिल्यावर तिथला कचरा, पाणी, आग दुसरीकडे. महापालिका त्या शुल्कातला वाटा मागत राहिली. तुमच्या इमारतीचं अग्निशमन शुल्क कुठल्या तिजोरीत गेलं हे बिल्डरच्या चलनावर दिसतं. ते चलन सोसायटीच्या फायलीत असायला हवं. आमच्या फायलीत नव्हतं.

बाहेरून येणाऱ्या पैशांपैकी एक ओळ लक्षात ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना काढली. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी त्यात २५ टक्के स्वतःचे घालायचे. हा पैसा नवी केंद्रं, साधनं, प्रशिक्षण यांसाठी आहे. तिसऱ्या टप्प्यातले ते सत्तावीस कोटी यातून निघणार नाहीत.

छावणीबद्दल थोडं

पुढचं विलीनीकरण कुठलं, तर बहुतेक कॅम्प आणि खडकीचं. छावण्यांचे नागरी भाग स्थानिक संस्थांना जोडायचं धोरण केंद्राने घेतलं आहे. संरक्षण मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नागरी सुविधांसाठीची मालमत्ता विनामूल्य हस्तांतरित व्हायची आहे, आणि सोबत देणीही. पुणे छावणीचं स्वतःचं छोटं अग्निशमन दल आहे. मार्च २०२१ मध्ये फॅशन स्ट्रीट जळाला तेव्हा छावणीच्या जोडीला महापालिकेचेही बंब धावले होते. म्हणजे मदत आधीच एकत्र आहे, वह्या वेगळ्या आहेत. इथे गावांपेक्षा एक प्रश्न जड आहे: निवृत्तिवेतन. छावणीच्या कर्मचाऱ्यांचं, निवृत्त झालेल्यांचंही, पुढे कोण देणार? कॅम्पात राहत असाल तर सभेत आधी हेच विचारा, बंबाचं नंतर.

सहावा टप्पा: माहिती मागवा, पण नीट

माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे निबंध नव्हे. महाराष्ट्रात नमुना "अ", दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवस. "आमच्या गावात सुविधा का नाहीत?" असं विचारलंत तर "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि ते नियमाला धरूनच असेल. "का" विचारू नका, कागद मागा. माझा चाललेला अर्ज असा होता:

"मौजे नऱ्हे हद्दीतील मागील तीन आर्थिक वर्षांतील अग्निशमन वर्दींच्या नोंदवहीची प्रत, ज्यात वर्दी मिळाल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ व गाडी कोणत्या केंद्रातून आली हे नमूद आहे."

ही एक नोंदवही अंदाजपत्रकाच्या शंभर पानांपेक्षा जास्त बोलते. वेळांची वजाबाकी करा, केंद्रांची नावं मोजा. बहुतेक गाड्या दुसऱ्या संस्थेच्या केंद्रातून येत असतील तर विलीनीकरण कागदावरच झालं आहे हे तुम्हाला पुराव्यासकट सांगता येईल.

अर्जाआधी एक सोपा रस्ता आहे. सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहता येतात. वही-पेन न्या, डबा खाऊन जा, आणि कारकुनाशी गोड बोला. कुठल्या कपाटात काय आहे हे साहेबांपेक्षा त्यांनाच माहीत असतं.

सातवा टप्पा: आपल्या दारात

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ज्या इमारतींना यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती सुरू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचं असतं. त्याला "फॉर्म बी" म्हणतात. त्याचा खर्च सोसायटीचा, आणि तो कुठल्याही सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही. तुमच्या देखभाल खर्चात त्याची वेगळी ओळ ठेवा. गाव कुठल्याही संस्थेत गेलं तरी ही ओळ जात नाही.

नोंदवहीची प्रत आली तेव्हा मी ती सभेत वाचून दाखवली. काकांनी चष्मा लावून वेळा तपासल्या आणि मग विचारलं, "बरं, गाडी दारात आली. आत येईल का?" दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन गेटवर उभे राहिलो. सोसायटीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलेली कमान बंबाच्या उंचीपेक्षा बुटकी निघाली. ती काढायला वेल्डर बोलावला, वर्गणी काढली, आणि पावती क्रमांक एक काकांच्या नावावर फाडली.